ज्याचा खराटा, त्याचं आंगण

रविवारी सकाळी नागेश चुन्याची पिशवी आणि सुतळीचा गुंडा घेऊन अंगणात उतरला, तेव्हा रामाजींच्या मनात पहिला विचार आला तो हा, की या वेळी आपण संडासात असायला हवं होतं. थोरल्या भावाला शोभेल असा हा विचार नव्हता. पण थोरल्या भावाला शोभणारे विचार रामाजींना नेहमी उशिरा सुचत, आणि सुचले तरी ते कुठल्यातरी पुस्तकातले असत.

ते पिंपळाच्या पारावर बसले होते. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि पुस्तकावर पिंपळाची दोन वाळकी पानं. तिसरं पान टकलावरून घसरून सदऱ्याच्या कॉलरीत अडकलं होतं. ते आत्ता काढलं तर आपण घाबरून हालचाल केली असं दिसेल का, यावर त्यांचा विचार चालू होता.

"वैनी," नागेश स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "गुरुजीले सांगा, पाय वर घ्या म्हणा. दोरी धरायची हाय."

रामाजींनी पाय वर घेतले. नागेश त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. पण बुधवारपासून तो थोरल्या भावाशी बोलत नव्हता. जे काही सांगायचं ते वहिनीच्या मार्फत, आणि वहिनी जवळ नसली तर शेळीच्या मार्फत. शेळीला निरोप देताना त्याचा आवाज जरा मऊ असे, हेही रामाजींच्या लक्षात आलं होतं.

बुधवारी जे घडलं त्याला गुन्हा म्हणावं की मूर्खपणा, हे रामाजींना अजून ठरवता आलं नव्हतं. गुन्ह्याला निदान थोडी हिंमत लागते, म्हणून ते मूर्खपणाकडे झुकत होते.

झालं होतं ते असं. माघ सरत आला की हा पिंपळ पानं टाकायला लागे. एक-दोन दिवस नाही, नवी पालवी फुटेपर्यंत. सकाळी अंगण झाडून पाठ वळवावी तर मागे सळसळ होऊन पुन्हा तेवढीच पानं. हा पाला जाळायची सोय नव्हती, कारण नागेशच्या पडवीत भाव वाढायची वाट बघत कापूस छतापर्यंत रचलेला असे. एक ठिणगी उडाली तर वर्षाचं पीक जायचं. ग्रामपंचायतीचा चेत्ताचा, म्हणजे केरकचऱ्याचा, ट्रॅक्टर घरोघरी फिरे, पण ड्रायव्हर पिंपळाकडे बघून म्हणे, "चेत्त नेतो आमी, जंगल नाही नेत." मागच्या साली रामाजींनी एका पुस्तकात वाचून पाल्याचं खत करायला खड्डा खणवला होता. खत झालं नाही, विंचू झाले. खड्डा बुजवायला नागेशच आला होता, आणि फावड्यागणिक हसला होता.

तेव्हा अंगण झाडणं हे बायकांच्या अंगवळणी पडलेलं काम होतं. दोन घरं एकमेकांकडे तोंड करून उभी. मधे एकच अंगण, अंगणाच्या मधे पिंपळ. अलीकडचं रामाजींच्या पत्नी ताराबाई झाडायच्या, पलीकडचं नागेशची बायको चंपाबाई. भिंत नव्हती, दगड नव्हता, पण हद्द होती. ती दोघी जावांच्या खराट्यांना ठाऊक होती. सत्तरी गाठलेल्या रामाजींना मात्र ती ठाऊक नव्हती. त्या अंगणात ते जन्मले होते एवढंच.

यंदा ताराबाईंचा खांदा आखडला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, खराटा बंद. रामाजी म्हणाले, "मी झाडीन." ताराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की शाळेत मास्तर असताना रामाजींनीसुद्धा कुठल्या पोराकडे तसं पाहिलं नसेल.

बुधवारी ते कोंबड्याच्या आधी उठले. खराटा हातात घेतला. हातात घेतल्यावर कळलं, की त्याला धरायचं टोक कोणतं हे आपण आजवर नीट पाहिलेलं नाही. मग झाडायला लागले. वारा पाठीमागून होता हे त्यांना जाणवलं होतं, पण वाऱ्याचा आणि झाडण्याचा काही संबंध असतो हे जाणवेपर्यंत अर्धं अंगण मागे पडलं. पानं पुढे पळत होती आणि ते पानांच्या मागे. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी त्यांना घाबरून पळत होतं, त्यामुळे त्यांना जोर चढला. पाठलाग करता करता ते थेट नागेशच्या उंबऱ्याशी पोचले. तिथे त्यांनी सगळ्या पाल्याचा ढीग घातला आणि मागे वळून पाहिलं. सगळं अंगण आरशासारखं. अर्धवट काम बरं नव्हे, म्हणून त्यांनी बादलीभर शेणपाणी आणून सडाही टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तेवढ्यात दार उघडून चंपाबाई बाहेर आली. हातात खराटा. समोर भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, बादली घेऊन उभा. तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि दार लावून घेतलं. चंपाबाई लग्न होऊन आल्यापासून भासऱ्याशी एक शब्दही थेट बोललेली नव्हती. घराणं बुद्धाच्या वाटेला लागलं, देव्हारे गेले, उपास गेले, पण भासऱ्यापुढे पदर ओढायची रीत कुणी काढून टाकायची हे ठरलंच नव्हतं, म्हणून ती राहून गेली. दार लागलं तेव्हा रामाजींना वाटलं, बिचारीचा कंठ उपकारानं दाटून आला असेल.

तासाभरात नागेश अंगणात उभा राहून शेळीला सांगत होता, "पाह्यलं ना तू? कबजा म्हणतेत याले."

नागेश मंडल कचेरीत, म्हणजे तहसिलीत, कारकून म्हणून निवृत्त झाला होता. हद्दीची भांडणं, मौक्यावरची पाहणी, पंचनामे यांत त्याचं आयुष्य गेलं होतं. साहेब जागेवर गेले की पहिला सवाल एकच: आंगण झाडते कोन? कागद काहीही बोलो, जो रोज झाडतो, सडा टाकतो, त्याचा ताबा. ज्याचा खराटा, त्याचं आंगण. त्यातून मागच्याच महिन्यात रामाजींचा मुलगा संघपाल आदिलाबादहून येऊन अंगणात टेप लावून गेला होता. तो न्हाणीघर बांधायचा अंदाज घेत होता. पण नागेशनं दोन आणि दोन एकत्र केले. कारकुनाच्या हातात दोन आणि दोन आले, की त्याचे बावीस झाल्याशिवाय राहत नाहीत.

म्हणून आज भिंत. आज चुन्याची रेघ, उद्या पाया.

साडेदहाच्या बसनं संघपाल आणि सूनबाई वृषाली तामसीला उतरले आणि तिथून ऑटोनं घरी आले. नागेशनंच बोलावलं होतं. "पंच पाह्यजेत," तो फोनवर म्हणाला होता. ताराबाईंनी खुर्च्या बाहेर आणल्या. रामाजी उठून मदत करायला गेले, तर खुर्चीच्या पायात पाय अडकला, आणि सगळ्यांनी "बसा तुमी, बसा" म्हणून त्यांना पुन्हा पारावर बसवलं. आपल्याच खटल्यात आपल्याला मूर्तीसारखं बसवून ठेवलंय, असं त्यांना वाटलं.

"जयभीम काका," संघपाल म्हणाला. "हे काय चाललं?"

"जयभीम. वाटणी चालली, बाबू. तुह्या बाबांनी सुरू केली, मी पुरी करून राह्यलो."

"बाबांनी?" संघपालनं वडिलांकडे वळून पाहिलं. वडिलांनी काहीतरी सुरू केलं, या बातमीवर त्याचा विश्वास बसला नाही, हे स्पष्ट दिसत होतं.

"मी फक्त झाडलं," रामाजी पुटपुटले.

"सूनबाई," नागेश वृषालीला म्हणाला, "त्याहिले इचार, सडा काऊन टाकला? पानं उडत आली, मानलं. पानी बी उडत आलं काय?"

वृषाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पोरांच्या तक्रारी ऐकायची सवय असल्यानं ती गंभीरपणे रामाजींकडे वळली. "बाबा, सडा काऊन टाकला?"

"अर्धवट काम बरं दिसत नाही म्हणून."

"ते म्हणतात, अर्धवट काम बरं दिसत नाही."

"आयकलं मी!" नागेश ओरडला. "म्हंजे पुरा कबजा पाह्यजे."

पलीकडच्या दारात चंपाबाई उभी होती. पदर खाली, आवाज वर. ती भासऱ्याशी बोलायची नाही, पण भासऱ्याला ऐकू जावं असं काही बोलायचं असलं, तर पिंपळाशी बोलायची.

"पाह्य गा पिंपळा," ती म्हणाली, "मी इतली वर्सं माहं आंगण झाडलं. एक दिस चुकला नाही. अन् आज लोकं मले इचारतेत, काय व, तुह्या आंगणात तुहे भासरे सडा टाकून राह्यले म्हंते. मी तोंड कोठी लपवू?"

पिंपळानं उत्तरादाखल दहा-बारा पानं टाकली. तीही, रामाजींच्या लक्षात आलं, चंपाबाईच्याच बाजूला.

संघपालनं घसा खाकरला. "मी काय म्हणतो, काका, भिंत घालायची तर घालून टाका. मोकळं होईल. रोजची कटकट नाही."

रामाजींनी चमकून मुलाकडे पाहिलं. हा आपल्या बाजूनं बोलायला आला आहे असा त्यांचा समज होता. तो समज त्यांनी बसच्या वेळेपासून अंगाखांद्यावर खेळवला होता.

"बाबा, खरं सांगतो," संघपाल म्हणाला, "आईचा खांदा गेला. तुमचं वय झालं. अर्धं आंगण राह्यलं तर फरशी टाकू. नाही तर सरळ आदिलाबादला चला, दोन खोल्या रिकाम्या आहेत."

"पुस्तकं?" रामाजींनी विचारलं. आपण बायकोबद्दल आधी विचारायला हवं होतं, हे त्यांना तोंडातून शब्द गेल्यावर कळलं. ताराबाईंनी ते टिपलं होतंच.

नागेशनं सुतळीचं एक टोक नळाजवळच्या खुंटीला बांधलं आणि दुसरं टोक संघपालच्या हातात देऊन त्याला पलीकडे पाठवलं. दोरी ताणली. चुन्याची मूठ भरून तो वाकून रेघ मारत निघाला. छान सरळ रेघ. कचेरीत त्याच्या अक्षराचं कौतुक व्हायचं. रेघ चालत चालत आली आणि पिंपळाच्या बुंध्याला बरोबर मध्यावर धडकली.

सगळे थांबले.

"आता?" वृषाली म्हणाली.

"आता काय," नागेश म्हणाला, पण त्याचा आवाज पहिल्याइतका ताठ नव्हता. "भिंत कोठून जाईन? सरळच जाईन ना."

"म्हंजे झाड..." वृषालीनं बुंध्याला हात लावला.

"मी तोडा म्हणून नाही राह्यलो. हद्द म्हणून राह्यली."

हा पिंपळ कुणी लावलेला नव्हता. रामाजींच्या जन्माच्या सुमारास तो आपण होऊन उगवला. वडील आज उपटू, उद्या उपटू म्हणत राहिले. मग वडील धम्मात आले, आणि त्यांना कळलं की आपल्या दारात बोधिवृक्ष आहे. एका वर्षात तणाचा बोधिवृक्ष झाला. पुढे गावातल्या बौद्ध वस्तीनं पौर्णिमेला इथे जमायला सुरुवात केली. अशा झाडावर कुऱ्हाड घालणारा माणूस विहारात कुठल्या तोंडानं जाणार, हे नागेशला कळत होतं. पण तो मागे यायला तयार नव्हता. रेघ मारून झाली होती.

चंपाबाई उंबरा उतरून दोन पावलं पुढे आली. "आयकून घे गा पिंपळा. तुले जो तोडन, त्याच्या घरात मी राह्यनार नाही. मंग तो मंडल ऑफिसचा असो का दिल्लीचा असो."

"अवं, तूच तं सकाळी म्हणाली भिंत पाह्यजे!" नागेश उसळला.

"भिंत म्हणलं. झाड म्हणलं काय?"

"हवेत बांधू काय भिंत?"

रामाजींच्या मनात आशेचा अंकुर फुटला. चंपाबाई फिरली होती. वृषाली तर झाडाच्या बाजूनंच होती. आता ताराबाई बोलल्या की तीन झाले. त्यांनी बायकोकडे मोठ्या विश्वासानं पाहिलं. बायकोच्या मताचा अंदाज त्यांनी आजवर जेवढ्या वेळा बांधला होता, तेवढ्या वेळा तो चुकला होता. पण आज त्यांना ते आठवलं नाही.

"तोडा," ताराबाई म्हणाल्या.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

"काय पाहून राह्यले? तोडा म्हणतो मी. भाऊजी म्हंतेत ते बराबर हाय." त्या एका हातानं दुसरा खांदा धरून उभ्या होत्या. "झाड याहिचं, पानं माही. बसतेत ते सावलीत, वाचतेत. पान पडलं की पाहतेत, काय सुंदर पडलं म्हंतेत. आता खाली पडल्यावर त्याचं काय होते? ते कोठी जाते? कधी इचारलं काय, आवो?"

रामाजींनी विचारलं नव्हतं. पानं पडतात एवढं त्यांना ठाऊक होतं. ती संध्याकाळपर्यंत नाहीशी होतात हेही त्यांनी पाहिलं होतं. या दोन गोष्टींच्या मधे कुणीतरी असतं, हे त्यांच्या कुठल्या पुस्तकात आलं नव्हतं.

"पौर्णिमेले सारं गाव येते," ताराबाई म्हणाल्या. "पारावर मेणबत्त्या लावतेत. दुसऱ्या दिवशी मेण खरवडाले कोन येते? मी अन् चंपा. बोधिवृक्ष, बोधिवृक्ष! बुद्धालेही झाडाखाली बसायच्या आधी कोनीतरी जागा झाडून देल्ली असन."

चंपाबाईनं पदराआडून हुंकार भरला.

भिंत झाली तर पिंपळ जाणार. आणि पिंपळ गेला, की पलीकडच्या घरात राहणारा नागेश नुसता शेजारी होणार. आत्ता तो निदान शेळीमार्फत तरी बोलत होता. भिंतीपलीकडून शेळीही दिसणार नव्हती. आता बोललं पाहिजे. रामाजी उभे राहिले. कॉलरीतलं पान आत घसरलं आणि पाठीवर कुठेतरी टोचू लागलं.

"बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले.

वृषालीनं तोंडावर हात धरला. संघपालनं आकाशाकडे पाहिलं. तीस वर्षांच्या मास्तरकीत रामाजी उभं राहून बोलले होते ते फक्त जयंतीच्या भाषणात, आणि आता उभं राहिल्याबरोबर तोंडातून तेच आलं होतं.

"म्हंजे... तारा म्हणते ते खरं हाय. मी कधी... ज्या अर्थी पानं पडतात, त्या अर्थी..." वाक्य कुठे चाललं होतं ते त्यांना दिसेना. त्यांनी ते तिथेच सोडलं. "मी झाडीन. रोज. सारं झाडीन. इकडचं, तिकडचंही. मेणही खरवडीन. झाड नका तोडू. भिंत नको."

"आयका!" नागेशनं चुन्याचा पांढरा हात वर केला. "सारे गवाह रहा! इकडचं बी, तिकडचं बी! तोंडानं कबूल करून राह्यले कबजा!"

"अरे, मी कबजा नाही, झाडणं म्हणतोय."

"सूनबाई, त्याहिले सांग, कचेरीत झाडणं म्हंजेच कबजा."

"काका, आता हे जास्त होऊन राह्यलं," संघपाल म्हणाला.

"तू चूप. टेप कोनी लावली होती?"

"न्हाणीसाठी लावली होती!"

"न्हाणी माह्या दारात बांधतं काय?"

संघपालनं सुतळीचं टोक खाली टाकलं. "मंग घ्या तुमची दोरी. मी बाबांच्या बाजूनं."

"आत्ता बाबांच्या बाजूनं! मगाशी तं फरशी टाकत होता!"

रामाजी उभेच होते. झाडलं तर कबजा, नाही झाडलं तर कुऱ्हाड. आपण कुठल्याही प्रश्नात शिरलो की तो सुटायच्या ऐवजी त्याला दुसरं टोक फुटतं, हे त्यांना जुनंच माहीत होतं. बसावं असं वाटत होतं, पण आत्ता बसलं तर हार मानल्यासारखं दिसेल, आणि उभं राहिलं तर नुसतं उभं राहिल्यासारखं.

"मंग असं करा ना, गुरुजी!"

आवाज ओळखीचा होता, पण दिशा चुकलेली होती. चंपाबाईचं तोंड पिंपळाकडे नव्हतं. पदर मागे गेला होता. ती सरळ रामाजींकडे पाहत होती, आणि रामाजींना या क्षणी कळलं, की आपल्या भावजयीचे डोळे घारे आहेत.

"तुमी आमचं आंगण झाडा रोज. अन् हे तुमचं झाडतीन. एकही दिस चुकायचा नाही. मंग कोनाचा कबजा कोनावर, ते जाऊन इचारा कचेरीच्या साहेबाले! बायका मोकळ्या!"

नागेशच्या हातातली चुन्याची पिशवी खाली पडली. ती तिच्या बोलण्यामुळे नव्हे. ती कुणाशी बोलली यामुळे. तिला स्वतःलाही ते उशिरा कळलं असावं. तिनं पदराला हात लावला, पण ओढला नाही.

दुसरा कुणी असता तर हा टोमणा समजून गप्प बसला असता. रामाजींना टोमणा आणि सूचना यांतला फरक कधीच पटकन कळत नसे. त्यांनी ते वाक्य शाळेतल्या गणितासारखं मनात दोनदा मांडून पाहिलं. मग धाकट्या भावाकडे वळून अगदी खऱ्याखुऱ्या शंकेनं विचारलं:

"नागेश, कायद्यानं चालते काय रे असं?"

नागेशला कायद्याचा प्रश्न विचारला आणि त्यानं उत्तर दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. त्यानं चुन्याचा हात पँटला पुसला. कपाळावर आठ्या पडल्या. कचेरीतल्या जुन्या फायली डोळ्यांपुढून जाताना दिसल्या.

"सूनबाई," तो शेवटी म्हणाला, "त्याहिले सांग. माह्या हद्दीत त्याहिचा ताबा, त्याहिच्या हद्दीत माहा. एकानं दावा केला का दुसऱ्याचा बी लागू होते. म्हंजे..." तो थांबला. आपण कुठे येऊन पोचलो हे त्याला दिसलं असावं. "म्हंजे कोनाचाच नाही लागू होत."

"म्हंजे चालते," वृषाली म्हणाली.

"चालते म्हणून नाही राह्यलो. अडत नाही, एवढंच म्हणून राह्यलो." मग त्यानं बोट उचललं. "पन शर्त हाय. पालवी फुटेस्तोवर. एक दिस जरी चुकले, तं दुसऱ्या दिवशी पाया. अन् सडा नाही टाकायचा!"

"काका, अन् तुमी चुकले तर?" संघपालनं विचारलं.

"मी? मी सरकारी नोकरी केली, बाबू."

हे उत्तर कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी मान्य केलं. ताराबाई चहा ठेवायला आत गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ चंपाबाई अंगण ओलांडून गेली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. ते कशाचं होतं, याचा अंदाज बांधायच्या भानगडीत रामाजी पडले नाहीत.

सोमवारी ते उजाडताच उठले. या खेपेला वारा कुठून आहे ते आधी बोट ओलं करून पाहिलं, आणि चुन्याची रेघ ओलांडून नागेशच्या अंगणात उतरले. पिंपळानं रात्रभरात काही हात राखला नव्हता. ते वाकून झाडू लागले. कंबर पहिल्याच पट्ट्यात कुरकुरली. मागे वळून पाहिलं तर आपल्या बाजूचं अंगण पानांनी भरलेलं, आणि दारात ताराबाई उभ्या. त्यांचा चांगला हात सारखा खराट्याकडे जात होता आणि त्या तो पदरात गुंडाळून घेत होत्या. नियमच तसा झाला होता. तिथे झाडायचा हक्क आता त्यांनाही नव्हता.

नागेशचं दार बंद होतं. रामाजी झाडत राहिले. सूर्य कापसाच्या पडवीवर आला. नागेश येणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. का यावं त्यानं? काल सगळ्यांसमोर कोंडीत सापडला म्हणून हो म्हणाला. आता मनात मोजत असेल, उद्या पाया. आपणच त्याला कायदा विचारला. आपण आयुष्यात एकदाच योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला, तर तोही बहुधा चुकीचा निघणार.

दार वाजलं. नागेश बाहेर आला. डोक्याला मफलर, अंगात कचेरीत जायचा इस्त्रीचा सदरा, हातात खराटा. खराटा नवा होता आणि त्याला किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. त्यानं भावाकडे पाहिलं नाही. रेघ ओलांडून सरळ पलीकडे गेला, आणि रामाजींच्या अंगणात उभा राहून खराटा असा चालवू लागला, की जणू वहीत समास आखतोय. एक पट्टा सरळ, मग दुसरा, मधे एकही पान नाही. रामाजींना त्याचा हेवा वाटला आणि थोडी लाजही.

दोघे पाठमोरे झाडत होते. एकाच्या बाजूनं खसखस, दुसऱ्याच्या बाजूनं खर्र-खर्र. मधे पिंपळ, झाडलेल्यावर निवांत पानं टाकणारा. रामाजींचा ढीग झाला. त्यांनी कंबर सरळ केली आणि खराटा खांद्यावर घेतला.

मागची खसखस थांबली.

"दादा."

रामाजींना वाटलं, शेळीला हाक मारली. पण शेळी दादा नव्हती.

"तो कोपरा कोन झाडन?" नागेश रेघेवर येऊन उभा होता, तोंड तापलेलं. "कोंबड्याच्या खुराड्यामागं पाहा. सारा पाला तिथंच लोटला तुमी! वर वर झाडलं, झालं! अन् खराटा असा उभा धरतेत काय? बोटं पाहा, फोड येतीन उद्या. आडवा धरा. आडवा! अन् ढीग उंबऱ्याजवळ काऊन घालता, बुधवारी बी तिथंच घातला होता! दारातून निंगायचं कसं माणसानं?"

रामाजी ऐकत राहिले. आयुष्यभर त्यांनी पोरांना अक्षरावरून रागावलं होतं. आपल्याला कुणी इतक्या तपशिलानं रागावत नव्हतं. खुराड्यामागचा पाला दिसत होता. अजून एक-दोन जागा राहिल्या होत्या, त्या नागेशच्या अजून लक्षात आलेल्या नव्हत्या.

"नळाखाली तूही सोडलंस," ते हळूच म्हणाले.

"कोठी?"

"त्या तिथं. धुण्याच्या गोट्यामागं."

"ते ओलं हाय, म्हून सोडलं! ओला पाला झाडतेत काय कोनी? वाचलं हाय ना तुमी इतलं, मंग एवढं नाही कळत?"

"कळत नाही खरं."

"मंग!" नागेशचा आवाज चढला. पलीकडच्या दारात चंपाबाई दिसली, आणि आतून ताराबाईंचा आवाज आला.

"आवो, सकाळी सकाळी भांडून राह्यले काय तुमी दोघं?"

"नाही व," रामाजी म्हणाले आणि कोपऱ्याकडे वळले. "बोलून राह्यलो."